लिस्बनची देवालये आणि मेणवलीची घंटा

परदेशप्रवासाचे बेत जेवणाच्या पानावर ठरतात आणि पुष्कळदा तेथेच मोडतात, असा आमच्या घरचा अनुभव आहे. यंदाचा बेत मोडला नाही. मात्र मोडता मोडता राहिला. ह्यांना कामानिमित्त आठवडाभर लिस्बनला जावयाचे होते, मुलांना सुट्टी होती, आणि सासूबाईंची प्रकृती ठीक असल्यामुळे त्यांनाही बरोबर न्यावे असे ठरले. तिकिटे आली. त्या रात्री जेवताना तेथली कोणकोणती पुरातन ख्रिस्तमंदिरे पाहावयाची त्याची यादी ह्यांनी मोठ्या हौसेने वाचून दाखविली. सासूबाईंनी हातातला घास पानात ठेवला व शांतपणे म्हणाल्या, “मी शहर पाहीन, नदी पाहीन, दर्या पाहीन. इगर्जीत मात्र पाऊल टाकणार नाही.”

वाचकभगिनींना ह्या उद्गाराचे कारण सांगितले पाहिजे. आमचे सासरचे घराणे मूळचे गोव्याचे, कुलदैवत श्रीमंगेश. मंगेशाचे आजचे देऊळ प्रियोळला असले तरी त्याचे मूळ स्थान तेथे नव्हे. ते साष्टीतील कुशस्थळी, म्हणजे आजचे कुठ्ठाळी. साष्टी पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढे देवळांवर गदा आली, तेव्हा १५६० च्या सुमारास भक्तांनी देव उचलून अघनाशिनी नदीपलीकडे अंत्रुज महालात आणला. शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला आली तीही अशीच. रात्रीच्या काळोखात पालखी कशी निघाली, कोणी भोई झाले, मुले रडू नयेत म्हणून काय केले, ह्या कथा सासूबाईंनी आपल्या आजेसासूबाईंच्या तोंडून ऐकल्या आहेत, आणि त्या सांगताना त्यांचा आवाज आजही उतरतो.

“आई, साडेचारशे वर्षे झाली त्याला,” हे म्हणाले.

“तुला झाली असतील. देव अजून पळून आला त्याच गावात आहे.”

ह्यावर ह्यांना उत्तर सुचले नाही. मलाही नाही, पण माझ्या मौनाचे कारण निराळे होते. माझे माहेर वाईचे. वाईहून कोस-दीड कोसावर मेणवली. तेथे नाना फडणिसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे, आणि घाटावर मेणेश्वराच्या देवळाशेजारी एका लहानशा इमारतीत एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. ती घंटा आपल्याकडे ओतलेली नव्हे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा तेथील ख्रिस्तमंदिरांतील घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकराला आणि इतरत्रही त्या आहेत. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे व १७०७ हे साल आहे. लहानपणी आजोबांचे बोट धरून आम्ही ती पाहावयास जात असू. ती ‘आपली’ घंटा, एवढेच तेव्हा ठाऊक होते. ती पूर्वी कोणाची होती व कोणत्या वेळी वाजत असे, हा प्रश्न आम्हां मुलांच्या मनात कधी आला नाही, आणि आजोबांनीही तो काढला नाही.

असो. शेवटी तडजोड अशी झाली की सासूबाईंनी बरोबर यावे, आणि आम्ही आत जाऊ तेव्हा बाहेर बसावे. तेवढ्यासाठी त्यांनी एक जाड शाल आणि डबाभर चिवडा सामानात घातला.

पहिल्या दिवशी १५ क्रमांकाच्या ट्रामने बेलेमला गेलो. तागुश नदीच्या काठी जेरोनिमुश मठ उभा आहे. आता तो नदीपासून थोडा आत आहे, पण पूर्वी पाणी पुष्कळ जवळ होते. ह्याच ठिकाणी एक लहानसे प्रार्थनामंदिर होते, आणि १४९७ साली हिंदुस्थानच्या शोधात निघण्यापूर्वी वास्को द गामाने येथे प्रार्थना केली असे सांगतात. तो परतल्यावर मानुएल राजाने १५०१-०२ च्या सुमारास त्या जागी हा मठ बांधावयास घेतला. काम पुरे होण्यास सुमारे शंभर वर्षे लागली. खर्च कोठून आला? आफ्रिका आणि पूर्वेकडील व्यापारावर जो विसावा हिस्सा कर बसविला होता, त्यातून. म्हणजे ह्या सोनेरी झाक असलेल्या चुनखडी दगडात आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या मालाचाही वाटा आहे. ही गोष्ट मुलांना सांगितली तेव्हा थोरलीने भिंतीला हात लावून पाहिला. जणू काही ती भिंत घरच्या फडताळासारखी मसाल्याने दरवळणार होती!

दक्षिणेकडील महाद्वार ३२ मीटर उंच आहे आणि ते इतके कोरलेले आहे की डोळ्यांना विसावा मिळत नाही. मला ते फारसे रुचले नाही, हे प्रांजळपणे सांगते. सोनाराने सगळे दागिने एकाच मुलीच्या अंगावर घालावेत तसे ते वाटते. पण आत पाऊल टाकले आणि माझे मत मावळले. सुमारे २५ मीटर उंचीचे सडपातळ अष्टकोनी खांब सरळ वर जातात आणि माथ्याशी माडाच्या झावळ्यांसारखे फाकून छताला मिळतात. खांबांवर वेली आहेत, दोरखंड आहेत, समुद्रातली नाना रूपे आहेत. ज्या लोकांचे सारे दैव गलबतांवर अवलंबून, त्यांनी देवाचे घरही गलबताच्या सामानाने सजवावे ह्यात नवल नाही. ह्या घडणीला मानुएल राजाच्याच नावाने ओळखतात.

दाराशी एका बाजूस वास्को द गामाची समाधी आहे व दुसऱ्या बाजूस कामोइंश कवीची. गामा १५२४ साली कोचीनला वारला. त्याच्या अस्थी पुढे पोर्तुगालला नेल्या आणि येथे आणल्या त्या १८८० साली. कामोइंश तर काही वर्षे गोव्यात राहिलेला. पोर्तुगीजांच्या दर्यावर्दी पराक्रमाचे त्याचे महाकाव्य १५७२ साली छापले गेले. मात्र समाधीतील अस्थी खरोखर त्याच्याच आहेत की नाहीत ह्याविषयी जाणत्यांना शंका आहे. ह्या मठात शंकेची उणीव नाही. मोरोक्कोच्या रणात १५७८ साली नाहीसा झालेला सेबास्तियन राजा, त्याच्या समाधीवरील लेखातच असा आशय कोरला आहे की लोकवार्ता खरी असेल तर तो येथे आहे! दगडावर ‘असेल तर’ लिहिणारे प्रामाणिक लोक मला तरी दुसरीकडे भेटले नाहीत.

आम्ही कमानी न्याहाळत असता धाकटा कोठे नाहीसा झाला म्हणून मी घाबरले. तो सापडला मुख्य वेदीजवळ. तेथे राजाराण्यांच्या चार समाध्या आहेत, आणि प्रत्येक शवपेटिका संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेली आहे. सोंड, सुळे, सुपासारखे कान, सर्व काही यथास्थित. तो धावतच बाहेर गेला आणि समोरच्या बागेत बसलेल्या आजीला ओरडून म्हणाला, “आजी, आत हत्ती आहेत! आपल्यासारखे!”

“इगर्जीत हत्ती?” सासूबाई उठल्या, दोन पावले चालल्या आणि पुन्हा बसल्या.

त्या दिवशी एवढेच झाले. पुढे मुलांसाठी जवळच्या दुकानातून तेथील प्रसिद्ध साखरपाकाच्या टिकल्या घेतल्या. मठातील साधू कपड्यांच्या खळीसाठी अंड्यांतील पांढरे वापरीत, पिवळे उरे, त्याची ही मिठाई झाली अशी आख्यायिका आहे. १८३४ साली मठ बंद झाले आणि १८३७ पासून ती दुकानात विकू लागली. सासूबाईंनी वासावरूनच “अंडे आहे” म्हणून चिवड्याचा डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी साओ रोक नावाचे जेसुइटांचे मंदिर पाहिले. बाहेरून साधे, आत सोन्याचा वर्ख. त्यातील एक दालन १७४२ ते १७४७ मध्ये रोम येथे बांधले, तेथे पोपच्या हस्ते त्यात उपासना झाली, मग ते सुटे करून तीन जहाजांतून लिस्बनला आणून पुन्हा उभारले. ब्राझीलच्या सोन्याची ही मिजास. पाहून मन दिपते, पण भरत नाही. आम्ही अर्ध्या तासात बाहेर आलो. तेथून टेकडीवरच कार्मूचा मठ आहे. त्याला छप्पर नाही. नुसत्या कमानी आकाशाला टेकल्या आहेत आणि खाली गवत उगवते. सासूबाईंनी दाराशी उभे राहून वर पाहिले आणि म्हणाल्या, “छप्पर नाही म्हणजे ही इगर्ज नव्हे.” आणि त्या निःशंकपणे आत आल्या. धर्मशास्त्राचा हा निर्णय कोणत्याही पंडिताने खोडून काढावा असे मला वाटत नाही.

ह्या मठाचे छप्पर गेले १ नोव्हेंबर १७५५ रोजी. तो सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या पुढे भूकंप झाला, तेव्हा सारी मंदिरे माणसांनी भरलेली आणि वेद्यांवर मेणबत्त्या तेवत होत्या. भिंती कोसळल्या, नदीला समुद्राचे पाणी चढले, आणि जे उरले ते त्या मेणबत्त्यांनी व घरच्या चुलींनी लागलेल्या आगीत कित्येक दिवस जळले. जेरोनिमुश मठ मात्र थोडक्यात बचावला. कार्मूचे छप्पर पुन्हा कधी घातले नाही. १८६४ पासून तेथे पुराणवस्तूंचे संग्रहालय आहे.

सासूबाईंनी सर्व ऐकून घेतले. “दिवे त्यांनीच लावले होते ना? सणाचे?” एवढेच त्यांनी विचारले. मी होय म्हटले. त्या दिवशी त्या फार बोलल्या नाहीत. वाटेत एका मंदिराच्या पाटीवरील ‘इग्रेजा’ हा शब्द थोरलीने वाचून दाखविला तेव्हा मात्र त्या हसल्या. “म्हणजे आमचा इगर्ज शब्द येथला!” मग ह्यांनी पाव, बटाटा, चावी, घमेले, पगार, तुरुंग असे घरातले शब्द मोजून दाखविले. तुरुंगही त्यांच्याकडूनच यावा, ह्यात सासूबाईंना काही चूक दिसली नाही.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही रोसियू चौकात होतो. त्याच्या बाजूलाच साओ दोमिंगुशचे मंदिर आहे. अकस्मात पावसाची सर आली, चौकातली माणसे आडोशाला पळाली आणि त्या लोंढ्याबरोबर सासूबाईही मंदिराच्या दारात आल्या. पाऊस वाढला. दारातली गर्दी आत सरकली. सासूबाईंनी सवयीने चपला काढल्या, हातात घेतल्या आणि त्या आत आल्या. तेथल्या वृद्ध राखणदाराने खुणेने सांगितले की चपला घालाव्यात, फरशी गार आहे. त्यांनी मानेने नको म्हटले. आपण देवापुढे पायांतले काढतो, ते डोक्यावरचे काढतात. बाकी भाव एकच असावा. ह्या प्रवासात थोरलीने मला प्रत्येक दाराशी विचारले, “आई, नमस्कार करायचा का?” त्याचे एकच उत्तर मजपाशी नव्हते. हात जोडावेत न जोडावेत हे ज्याचे त्याने पाहावे. पण कोणी डोळे मिटून बसले असता त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढणारे जे लोक आम्ही पाहिले, त्यांत आपले देशबांधवही होते, ही गोष्ट लपवून ठेवण्यासारखी नाही.

साओ दोमिंगुशचे अंतरंग पाहून सासूबाई थबकल्या. येथे सोने नाही, रंगीत संगमरवराचा डौल नाही. खांब भाजलेले, तडकलेले, त्यांचे पापुद्रे उडालेले. छत साधे, तांबूस. १३ ऑगस्ट १९५९ रोजी येथे आग लागली, तीत दोन अग्निशामक दगावले. १९९४ साली मंदिर पुन्हा उघडले, परंतु जळल्याच्या खुणा मुद्दाम तशाच ठेवल्या. १७५५ च्या भूकंपाचा घाव तर त्यापूर्वीचा.

“हे इतके कसे जळाले?” त्यांनी विचारले. ह्यांनी आगीची हकीकत सांगितली, आणि मग थोडे थांबून, सांगावे की न सांगावे अशा स्वरात, दुसरीही सांगितली.

१४९७ साली मानुएल राजाने आपल्या राज्यातील ज्यू लोकांना बळाने बाटविले. पुढे १५०६ च्या एप्रिलात अवर्षण आणि साथ ह्यांनी लोक गांजले असता ह्याच मंदिरात प्रार्थना चालली होती. क्रूसावरील मूर्तीपाशी दिव्य प्रकाश दिसला असे कोणी म्हणाले. अशा नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एकाने म्हटले की तो मेणबत्तीचा उजेड असावा. लोकांनी त्याला ओढून ठार केले. मग तीन दिवस शहरात कत्तल चालली. दोन हजारांच्या आसपास माणसे मारली गेली असे त्या काळचे लेख सांगतात. राजा तेव्हा शहरात नव्हता. त्याने मागाहून पुढाऱ्यांना देहान्त शासन दिले, त्यांत ह्याच मठाचे दोन साधू होते. परंतु तीस वर्षांनी, १५३६ साली, पोर्तुगालात धर्मन्यायसभा, म्हणजे इन्क्विझिशन, आलीच, आणि १५६० साली ती गोव्यात पोचली. मंदिराबाहेरच्या चौकात आता त्या मृत ज्यूंचे स्मारक आहे.

सासूबाई बाकावर बसल्या. शेजारी एक म्हातारी माळ ओढीत बसली होती; तिने पिशवी उचलून त्यांना जागा करून दिली. बराच वेळ दोघी एकमेकींकडे न पाहता बसून होत्या. पाऊस थांबला, मुले चुळबुळ करू लागली, तरी त्या उठेनात.

“म्हणजे आधी घरच्यांनाच,” शेवटी त्या म्हणाल्या. “राजा कोण होता म्हणालास?”

“मानुएल.”

“तो हत्तीवाला?”

“होय.”

“उद्या मला तो हत्ती दाखव.”

दुसऱ्या दिवशीचे विमान रात्रीचे होते. सकाळी पुन्हा ट्रामने बेलेमला गेलो. सासूबाई त्या कोरीव दाराकडे न पाहता सरळ आत गेल्या, खांबांकडेही त्यांनी वर पाहिले नाही, गामाला तर ओलांडूनच गेल्या, आणि मुख्य वेदीपाशी उभ्या राहिल्या. ह्यांनी चारही समाध्या सांगितल्या. एका बाजूस मानुएल व त्याची राणी. दुसऱ्या बाजूस त्याचा मुलगा तिसरा जॉन. ह्याच्याच कारकिर्दीत तिसवाडीतील देवळे पडली. त्याच्याजवळ त्याची राणी कातारिना. जॉन १५५७ साली वारला, नातू सेबास्तियन पाळण्यातून नुकता उतरलेला, म्हणून पुढली पाच वर्षे राज्यकारभार तिने पाहिला. गोव्यात धर्मन्यायसभा बसली ती त्याच वर्षांत. वेदीचे हे दालनही तिनेच बांधवून घेतले.

“बाई होती?” सासूबाईंनी विचारले.

“होय. नऊ मुले झाली तिला, आणि सगळी तिच्या डोळ्यांदेखत गेली,” मी म्हटले. हे मी आदल्या रात्री वाचले होते, आणि सांगावयाचे नाही असे ठरविले होते.

सासूबाईंनी त्या पेटिकेकडे पाहिले. मग खाली हत्तीकडे. त्याच्या सोंडेला हात लावता येत नाही. मध्ये अंतर आहे. त्यांनी हात जोडले नाहीत. पदर मात्र खांद्यावरून सारखा करून घेतला, जसा त्या कोणाच्या घरी समाचाराला जाताना करतात.

बाहेर बागेत आल्यावर त्यांनी चिवड्याचा डबा उघडला, मुलांना वाटला आणि एकदम मला म्हणाल्या, “अगं, तुमच्या मेणवलीच्या घाटावरची ती घंटा. लग्नात आले होते तेव्हा तुझ्या वडिलांनी नेऊन दाखविली होती. उद्या वसईची माणसे आली आणि म्हणाली, आमची आहे, द्या, तर द्याल?”

मी गडबडले. “ती लढाईत मिळालेली, आई. आणि तिला आता पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली.”

बोलून गेले आणि हे माझ्याकडे पाहू लागले, कारण जेवणाच्या पानावर त्यांनी जे वाक्य म्हटले होते तेच माझ्या तोंडून निघाले होते. आकडा तेवढा वेगळा. सासूबाई रागावल्या नाहीत. उत्तराची वाटही पाहिली नाही. चिवड्यातले दाणे धाकट्याला वेचून देत म्हणाल्या, “चांगली घंटा आहे. आवाज पुष्कळ वेळ राहतो.”

वसईत आजही ती मंडळी आहेत, त्यांची मंदिरे आहेत, आणि सणावारी त्यांच्या घंटाही वाजतात. पुण्याहून ते गाव काही फार दूर नाही. लिस्बनला जाण्याआधी आम्ही तेथे एकदाही गेलो नव्हतो. मार्चच्या सुट्टीत जाण्याचे ठरले आहे. सासूबाई येणार आहेत. आत यावयाचे की नाही ते तेथे गेल्यावर पाहू, असे त्यांचे म्हणणे आहे. वाटेत खाण्यासाठी काय करावयाचे, एवढ्यावरूनच तूर्त घरात वाद चालू आहे.